तंबाखूचं रान आणि आपले हात : उत्तम शेती पद्धतीचा धडा



या अंकातला अभ्यासाचा धडा तंबाखू पिकवणाऱ्या घरांसाठी आहे. निपाणीचा परिसर आणि त्याला लागून असलेली कागल, गडहिंग्लजची गावं बिडीच्या तंबाखूसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जातात. आपल्यापैकी कुणी घरच्या रानात राबतं, कुणी दुसऱ्याच्या बांधावर रोजगाराला जातं, तर कुणी वखारीत तंबाखू चाळायला जातं.

कृषी प्रशिक्षण म्हटलं की बोलावणं कुणाला येतं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव असतं त्याला. तो चहा घेतो, माहितीपत्रक घेतो, घरी येऊन खिशातून काढून फळीवर ठेवतो. पण तरू उपटणं, लावण, भांगलण, शेंडा खुडणं, फुटवे काढणं, पान वाळवणं, गोळा करणं ही कामं करतं कोण? बहुतेक बायाच. म्हणजे शिकतो एक आणि करते दुसरी. म्हणून हा धडा गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि आपला अनुभव सांगावा.

उत्तम शेती पद्धती म्हणजे काय?

इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘गॅप’ म्हणतात. नाव मोठं असलं तरी गोष्ट तीनच प्रश्नांची आहे.

एक, पीक चांगलं आलं का, आणि खर्च वाजवी झाला का?
दोन, माती, पाणी, झाडं आणि उपयोगी किडे शाबूत राहिले का?
तीन, राबणारी माणसं धडधाकट राहिली का?

पहिल्या प्रश्नावर घरात रोज बोलणं होतं. दुसऱ्यावर कधीमधी होतं. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. गॅपचं म्हणणं असं की तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच शेती उत्तम.

आंध्र प्रदेशात आणि म्हैसूरकडे सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू पिकते. तिच्यासाठी केंद्र सरकारचं तंबाखू बोर्ड आहे. त्याचा कायदा 1975 सालचा आणि मुख्य कार्यालय गुंटूरला. तिकडे लिलाव, प्रशिक्षण यांची व्यवस्था बोर्डामार्फत चालते. आपली बिडीची तंबाखू त्या लिलावात नसते. त्यामुळे आपल्याला शिकवायला कुणी दारात येईल याची वाट बघण्यापेक्षा गटानंच शेतीशाळा भरवलेली बरी. कृषी सहायक, कृषी सखी, निपाणीचं कृषी संशोधन केंद्र यांना आपण बोलावू शकतो. ग्रामसंघाच्या नावानं पत्र द्या. एकट्या बाईच्या तोंडी सांगण्यापेक्षा गटाच्या पत्राला वजन असतं.

पाठ पहिला : तरू

तंबाखूचं बी फार बारीक असतं. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त बिया मावतात. म्हणून बी नुसतं मुठीनं फेकलं तर एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ पडतं. दाट पडलं की रोपं लुकडी होतात आणि मर लागते. बी बारीक वाळूत किंवा राखेत नीट मिसळून पेरा, नाहीतर पाण्यात कालवून झारीनं शिंपडा. वरून पातळ आच्छादन करा आणि उगवून आलं की ते काढून घ्या.

पावसाळ्याच्या तोंडाला सपाट वाफ्यात पाणी तुंबतं आणि रोप बुडाशी कुजून कोलमडतं. ही मर बुरशीमुळे येते. त्यावर आधीच करायचे उपाय असे :

1. गादीवाफा उंच करा, दोन वाफ्यांमध्ये पाणी जायला चर ठेवा.
2. दरवर्षी त्याच जागी तरू टाकू नका.
3. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाफा ओला करून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक पसरा, कडा मातीनं बंद करा आणि दोन-तीन आठवडे तसंच ठेवा. आतल्या उष्णतेनं बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी बरंच मरतं. यात विकतचं औषध लागत नाही.
4. मर दिसलीच तर पाणी कमी करा, कुजलेली रोपं काढून टाका आणि कृषी सहायकाला विचारूनच बुरशीनाशक वापरा.

वाफ्याच्या कडेनं एरंडी लावा. पानं खाणाऱ्या अळीच्या पतंगाला एरंडीची पानं आवडतात. तो तिथं अंडी घालतो. ती अंड्यांची पुंजकी आणि बारक्या अळ्यांची पानं आपण रोज सकाळी तोडून नष्ट करायची. एरंडी लावून तिच्याकडे बघितलंच नाही, तर मात्र आपणच अळी पोसली असं होतं.

पाठ दुसरा : लावण आणि हातांची स्वच्छता

पानावर हिरवट-पिवळे डाग पडतात, पान सुरकुततं, त्याला मोझेक म्हणतात. हा विषाणू हातांवरून पसरतो. गंमत अशी की बिडी, मिश्री, मळलेली तंबाखू यांतही तो जिवंत राहू शकतो. म्हणजे तंबाखू मळून त्याच हातांनी रोप उपटलं की रोग आपणच लावला. लावणीच्या दिवशी हे नियम ठेवा : रानात कुणी तंबाखू, मिश्री काढायची नाही. कामाआधी साबणानं हात धुवायचे. साय काढलेलं दूध पाण्यात मिसळून त्यात मधून मधून हात बुडवले तरी विषाणूचा जोर मोडतो. रोगट रोप दिसलं तर ते शेवटी उपटायचं आणि मग हात धुवायचे. आधी रोगट आणि मग चांगलं, असं करायचं नाही.

खताबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तंबाखूला पालाश देताना म्युरेट ऑफ पोटॅश नको, कारण त्यातल्या क्लोराइडमुळे पान नीट जळत नाही आणि प्रत उतरते. सल्फेट ऑफ पोटॅश चालतं. खाऱ्या पाण्याचंही तसंच आहे. युरिया जास्त टाकला की पान हिरवंगार दिसतं, मनाला बरं वाटतं, पण ते उशिरा पिकतं आणि त्यावर किडीही जास्त येतात. माती तपासून घ्या आणि अहवाल बघूनच खत टाका.

पाठ तिसरा : बंबाखू आणि अळी

बंबाखू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिला हिरवं पान नसतं. तंबाखूच्या मुळाला चिकटून ती आयतं खाते. एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि त्या मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. म्हणून एकच नियम : फूल येण्याआधी उपटा. उपटून बांधावर टाकू नका, कारण उपटलेल्या झाडावरही बी पक्व होतं. गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. आपल्या एकटीच्या रानात उपटून भागत नाही, वाऱ्यानं आणि पाण्यानं शेजारचं बी आपल्याकडे येतं. हे काम पैऱ्यानं, सगळ्या शिवारात एका आठवड्यात उरकलं तरच उपयोग.

ज्वारी, तीळ, मूग यांच्या मुळांमुळे बंबाखूचं बी उगवतं, पण त्या पिकांवर तिला जगता येत नाही, म्हणून ती मरते. त्यामुळे ही पिकं फेरपालटीत घ्या. तंबाखूनंतर त्याच रानात वांगी, टोमॅटो, मिरची घेऊ नका. ही सगळी एकाच कुळातली आहेत. रोग आणि सूत्रकृमी एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

अळीसाठी पहिला उपाय हात, दुसरा निंबोळी, तिसरा दुकानातलं औषध. अंड्यांची पुंजकी वेचा. कामगंध सापळे लावा, म्हणजे पतंग कधी वाढले ते कळतं. अर्धा किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यानं गाळून, दहा लिटर पाणी होईल इतकं करा. हा पाच टक्क्यांचा अर्क झाला. बारक्या अळीवर तो चालतो, मोठ्या झालेल्या अळीवर त्याचा फारसा असर होत नाही. म्हणून रोज रानात नजर पाहिजे.

पाठ चौथा : औषध फवारणी

पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण पाणी आणणं, औषध कालवणं, पंप धुणं आणि संध्याकाळी ते कपडे धुणं आपल्याकडे असतं. म्हणून हे आपल्यालाच माहीत पाहिजे.

डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहरी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे, तेही विषच. वाचता येत नसेल तरी रंग कळतो. दुकानदारानं लाल-पिवळा दिला तर “निळ्या-हिरव्यातलं काही आहे का?” असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. पक्की पावती घ्या.

- औषध हातानं कालवू नका, काठी वापरा. स्वयंपाकाचं भांडं, घरचा तांब्या घेऊ नका.
- वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका.
- फवारलेल्या रानात लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत भांगलायला जाऊ नका. मुदत कळत नसेल तर निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. रोजगाराला बोलावणाऱ्याला “फवारणी कधी झाली?” हे आधी विचारा.
- रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोक पाडा. त्यात तेल, धान्य, पाणी काही ठेवू नका.
- फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर भिजवू नका. वेगळे धुवा आणि उन्हात वाळवा.

कुणाला विषबाधा झाली असं वाटलं तर कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर घेऊन दवाखान्यात जा. आपल्या मनानं उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका.

पाठ पाचवा : ओल्या पानाचं दुखणं

हा पाठ नीट ऐका. माहितीपत्रकात सगळ्यात कमी लिहिलेलं असतं ते हेच, आणि सोसायचं असतं ते आपल्याला.

शेंडा खुडला की झाडाची ताकद फुलात न जाता पानात जाते. मग बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हापुन्हा काढावे लागतात. हे काम करताना हाताला काळा चिकट थर बसतो. त्या थरात निकोटिन असतं. निकोटिन पाण्यात विरघळतं आणि कातडीतून अंगात जातं. पान दवानं, पावसानं किंवा घामानं ओलं असेल तर आणखी जास्त जातं. तंबाखू तोंडात न घालताही ती अंगात भिनते ती अशी.

मग मळमळतं, उलटी होते, डोकं दुखतं, गरगरतं, पोटात कळ येते, हातपाय गळून जातात, कधी छातीत धडधडतं. कामाच्या दिवशीच, काही तासांत हे सुरू होतं आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. याला ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ म्हणतात. आपण म्हणू ओल्या पानाचं दुखणं. घरात मात्र “ऊन लागलं”, “पित्त झालं”, “उपाशी गेली असेल”, किंवा सरळ “कामाचा कंटाळा” असंच ठरतं. बाई लिंबूपाणी पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जाते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातमधल्या तंबाखू मजुरांमध्ये या दुखण्याचा अभ्यास केला होता. हातमोजे, बूट असं संरक्षण वापरल्यावर अंगात जाणारं निकोटिन कमी होतं, असं त्यात दिसलं. म्हणजे हे दुखणं खरं आहे आणि ते टाळता येतं.

काही बाया म्हणतात, “आम्ही मिश्री लावतो, आम्हाला काय होत नाही.” रोज तंबाखू घेणाऱ्या अंगाला सवय झालेली असते, म्हणून मळमळ कमी जाणवते. पण विष जायचं तेवढं जातंच, आणि मिश्रीचं त्यात आणखी भर. सवयीला ताकद समजू नका.

काय करायचं?

1. दव उडाल्यावर रानात जा. सकाळी लवकर काम उरकायची आपली सवय इथं घातक आहे. पहाटे दुसरी कामं करा, तंबाखूला हात पान सुकल्यावर लावा.
2. पाणी आत न जाणारे हातमोजे घाला. रबरी हवेत. कापडी मोजा ओला झाला की तो कातडीला विष चिकटवूनच ठेवतो.
3. नवऱ्याचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट लुगड्यावर चढवा. पान ओलं असताना काम करावंच लागलं तर पुढून प्लॅस्टिकचा कागद बांधा. अनवाणी जाऊ नका.
4. कपडे भिजले तर वाळायची वाट बघत तसंच काम करू नका, बदला. एक जोड रानात न्या.
5. भाकरी खाण्याआधी, पाणी पिण्याआधी आणि लेकराला घेण्याआधी साबणानं हात धुवा. नुसत्या पाण्यानं तो थर निघत नाही.
6. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग चूल.
7. त्रास सुरू झाला तर काम थांबवा, सावलीत या, कपडे बदला, अंग धुवा, पाणी प्या. उलट्या थांबत नसतील, चक्कर येऊन पडली, श्वास लागला किंवा छाती धडधडत असेल तर दवाखान्यात न्या. डॉक्टरांना आधी सांगा, “ओल्या तंबाखूत काम करत होते.” त्या रानात फवारणी झाली असेल तर तेही सांगा, कारण दोन्हींची लक्षणं सारखी दिसू शकतात आणि उपचार वेगळे असतात.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं हिरव्या तंबाखूला हात लावू नये. निकोटिन पोटातल्या बाळापर्यंत पोचतं आणि दुधातही उतरतं. त्या घराचं काम गटानं पैऱ्यानं उरकावं. पोरांनाही या कामाला लावू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. घरचं रान असलं तरी लहान अंगात तेवढंच निकोटिन जास्त बाधतं.

पाठ सहावा : वाळवणी आणि वखार

आपली तंबाखू उन्हात वाळते. व्हर्जिनियासारखी भट्टी लागत नाही, म्हणून सरपणासाठी झाडं तुटत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण उघड्यावरच्या मालात प्लॅस्टिकचे तुकडे, सुतळीचे धागे, केस, पिसं, गुटख्याच्या पुड्या मिसळतात आणि भाव पडतो. खळं झाडून घ्या, कोंबड्या-कुत्र्यांपासून राखा. पान नीट वाळल्याशिवाय ढीग घालू नका, बुरशी येते.

वाळलेली तंबाखू झोडताना, चाळताना धूळ उडते आणि खोकला लागतो. नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा, पदराच्या एका पदरानं धूळ अडत नाही. खिडक्या उघड्या पाहिजेत. झोपायच्या खोलीत माल साठवू नका.

पाठ सातवा : वहीतला हिशोब

प्रत्येक तंबाखूवाल्या घरानं यंदा एक वही घालावी. त्यात बी, खत, औषध, मजुरी, वाहतूक लिहायचंच. पण घरच्या बाईचे दिवसही लिहायचे. समजा, घरातल्या दोघीजणी प्रत्येकी चाळीस दिवस राबल्या. ते ऐंशी दिवस झाले. त्याला गावच्या चालू रोजगारानं गुणा आणि खर्चात धरा. दुखण्यामुळे बुडालेले दिवस आणि दवाखान्याचे पैसेही धरा. मग पट्टी आल्यावर नफा काढा. आकडा आधीच्यापेक्षा बराच लहान दिसेल. पण खरा असेल.

हा आकडा कशाला हवा? जगातल्या देशांनी तंबाखू नियंत्रणाचा करार केला आहे. भारतानं तो 2004 साली मान्य केला. त्याच्या सतराव्या कलमात तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि कामगारांना परवडेल असा दुसरा मार्ग द्यावा असं म्हटलं आहे, आणि अठराव्या कलमात पर्यावरण आणि राबणाऱ्यांचं आरोग्य जपावं असं. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे आपल्यालाही माहीत आहे. घर चालतं म्हणून आपण पिकवतो, हेही खरं. उद्या एखाद्या गुंठ्यात सोयाबीन, भुईमूग, हरभरा, भाजीपाला करून बघायचा तर तुलना करायला आपल्याच रानाचा आकडा पाहिजे. दोन्ही पिकांचा हिशोब त्याच वहीत, त्याच पद्धतीनं मांडा. एकदम सगळं रान बदलू नका. थोड्या जागेत बघा आणि मग ठरवा.

शेतीशाळा कशी भरवायची?

शेतीशाळेची पद्धत 1989 साली इंडोनेशियात भाताच्या शेतकऱ्यांसाठी सुरू झाली. तिचं तत्त्व सोपं आहे : वर्ग म्हणजे रान आणि पुस्तक म्हणजे पीक. गटातल्या एकीचं रान ठरवा. दर पंधरा दिवसांनी, दव उडाल्यावर, तिथं जमा. चार-चार जणींनी दहा झाडं बघायची : अळी किती, मित्रकिडे किती, रोगट पानं किती, बंबाखू कुठं. कागदावर चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पुरुषांनाही एका पाळीला बोलवा, विशेषतः फवारणीच्या पाठाला.

बैठकीत विचारायचे प्रश्न

1. गेल्या हंगामात शेंडे खुडताना कुणाकुणाला मळमळ, चक्कर आली? हात वर करा, मोजा, इतिवृत्तात लिहा.
2. गावात औषधाचे रिकामे डबे कुठे जातात?
3. कोणत्या घरात गरोदर किंवा पाजणारी बाई आहे आणि तिचं काम कोण वाटून घेईल?
4. हातमोजे, मास्क आणि साबण गटाच्या अंतर्गत निधीतून एकदम घाऊक घेतले तर एकीला किती पडतील?
5. रोजगाराला बोलावणाऱ्या मालकाकडे “हातमोजे द्या आणि दव उडाल्यावर काम सुरू करा” ही मागणी सगळ्या गटांनी मिळून कधी ठेवायची?

पाचवा प्रश्न अवघड आहे, कारण एकटीनं म्हटलं तर “उद्यापासून येऊ नको” असं उत्तर मिळू शकतं. वीस जणींनी एकाच दिवशी म्हटलं तर तसं म्हणणं मालकाला जड जातं, कारण फुटवे कुणासाठी थांबत नाहीत. लावणीच्या आधी, ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि त्याची एक प्रत प्रभागसंघाकडे पाठवा. पहिल्या प्रश्नात मोजलेला आकडा त्या ठरावातच लिहा. पुढच्या कृषी प्रशिक्षणाच्या यादीत आपली नावं का हवीत, हे त्या आकड्यावरून कुणालाही कळेल.